तिसरा खिळा

माझ्या बायकोला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. रस्त्यात कुणी हसून विचारलं, "सिस्टर, ओळखलंत का?" की ही आधी खाली बघते. मग म्हणते, "डावा अंगठा आत वळलेला. नऊ नंबरची खाट. कसे आहात?" समोरचा खूश होतो आणि मी दुसरीकडे बघतो, कारण मला हसू आवरत नाही.

ती एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात पुरुषांच्या वॉर्डाची मुख्य नर्स आहे. वीस खाटा आणि सतरा वर्षं. पेशंटला बरं करणं डॉक्टरांचं काम, असं ती म्हणते, आणि तोवर त्याला पडू न देणं आपलं. सगळं हॉस्पिटल तिला तिच्या माघारी 'चप्पल सिस्टर' म्हणतं. नवा पेशंट दारात आला की त्याचं नाव विचारायच्या आधी ती त्याची चप्पल उचलून उलटी करते आणि तळ अंगठ्यानं दाबून बघते. तळ गुळगुळीत असला तर चप्पल नातेवाइकांच्या पिशवीत जाते. एकदा एका बड्या वकिलांची चप्पल तिनं अशीच परत पाठवली. ते म्हणाले, "अहो, ही फार भारी चप्पल आहे." ही म्हणाली, "हो ना, घरी जपून ठेवा."

चपलेनंतर तिचा दुसरा प्रश्न ठरलेला. "घरी खाटेवरून कुठल्या बाजूनं उतरता?" लोक गोंधळतात. चाळीस-चाळीस वर्षं रोज उतरूनही माणसाला हे सांगता येत नाही, मग बायको सांगते, "भिंत इकडे, म्हणजे हे उजवीकडून." तेवढं कळलं की ही वॉर्डातल्या मावशींना हाक मारते आणि दोघी मिळून खाट फिरवतात. अर्धवट झोपेतला माणूस हॉस्पिटलात नसतो, तो घरीच असतो आणि घरच्याच बाजूनं पाय खाली टाकतो, असं तिचं म्हणणं. त्यामुळे तिच्या वॉर्डात खाटा एका ओळीत कधीच दिसत नाहीत. तपासणीला येणारे साहेब नाक मुरडतात. ती त्यांच्या देखत चालता चालता प्रत्येक खाटेच्या चाकाचा ब्रेक बुटाच्या टोकानं ठोकून बघते आणि पुढे जाते.

याशिवाय तिच्या खिशात सुई-दोरा असतो, लांब पायजमे जागच्या जागी आखूड करायला. तासातासाला फेरी असते आणि फेरीत चारच प्रश्न असतात. लघवीला जायचंय? तहान लागलीय? कुठे दुखतंय? चष्मा हाताशी आहे? उठताना आधी खाटेच्या कडेवर बसायचं, दहा आकडे मोजायचे, मग उभं राहायचं. हे दहा आकडे मलाही घरी मोजावे लागतात. आमच्या घरात पायपुसणं नाही, गालिचा नाही, आणि पंख्याची वायर जमिनीवरून गेलेली चालत नाही.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. हल्ली छापील पाट्या आल्या, तरी हाताच्या अक्षराला मान देणारे लोक अजून आहेत, आणि नसले तरी मी दुसरं काही शिकलेलो नाही. शिडीवर उभं राहून काम करणारा नवरा तिच्या वाट्याला यावा, ही देवानं तिची केलेली थट्टा आहे. माझ्या शिडीच्या पायांना तिनं स्वतः रबर बसवलंय.

तर तो फळा मीच रंगवला. हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना कुठल्याशा बैठकीत ती कल्पना मिळाली होती. प्रत्येक वॉर्डात एक फळा, आणि त्यावर मजकूर, 'पेशंट न पडता गेलेले दिवस'. खाली खिळे, खिळ्यांवर अडकवायला आकड्यांच्या पत्र्याच्या चकत्या. मी हिरव्या जमिनीवर पांढरी अक्षरं काढली आणि दोन खिळे ठोकले. ही म्हणाली, "दोनच?" मी म्हटलं, "दोन पुरे. शंभर दिवस कोण न पडता राहतंय?" त्यावर ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

सुरुवातीला तिला फळ्याचं फारसं कौतुक नव्हतं. पण वीस झाले, चाळीस झाले, आणि तिला गोडी लागली. मी तिला दोष देत नाही. सतरा वर्षं तुम्ही काहीतरी घडू देत नाही, आणि जे घडलंच नाही ते कुणाला दिसत नाही. पहिल्यांदा ते भिंतीवर दिसायला लागलं होतं. रोज सकाळी ड्युटीवर आल्या आल्या ती स्वतः चकती बदलायची आणि वॉर्ड टाळ्या वाजवायचा. इतर वॉर्डांचे आकडे सातवर, बारावर पोचून परत शून्यावर येत होते. आमचा चढतच होता. होय, मी 'आमचा' म्हणायला लागलो होतो.

आकडा नव्वदच्या आसपास असताना आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्याच वॉर्डात दाखल करावं लागलं. हृदयाचे ठोके ताल सोडून पडत होते आणि मधेच भोवळ यायची. अण्णा पोस्टमन होते. चाळीस वर्षं सायकलवर आणि सायकल जाईना तिथे पायी. वय अठ्ठ्याहत्तर, पण कुणी हात धरायला आलं की असे बघतात, जणू तो चुकीच्या पत्त्यावर आलाय. डॉक्टरांनी त्यांना रक्त पातळ करायचं औषध सुरू केलं. सुनेनं सात नंबरची खाट न विचारताच डाव्या बाजूला मोकळी करून ठेवली. अण्णा कुठल्या बाजूनं उठतात हे तिला पाठ होतं, मला नव्हतं.

"अण्णा, बाथरूमला जाताना घंटा," ती म्हणाली आणि घंटेचं बटण त्यांच्या उशीला बांधलं. "तिथून उठतानाही घंटा. एकट्यानं नाही."

"हो हो," अण्णा म्हणाले. त्या 'हो हो'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे.

नव्व्याण्णवाव्या दिवशी मी भेटीच्या वेळेला, दुपारी चारला, वॉर्डात गेलो. पिशवीत हातोडी, एक खिळा आणि नवीकोरी 'एक'ची चकती होती. उद्यासाठी तिसरा खिळा ठोकायचा होता. ही औषधांच्या खोलीत होती. मी आधी अण्णांकडे गेलो. उकाड्यात ते लोकरीची टोपी घालून बसले होते.

"थंडी वाजतेय?" मी विचारलं.

"जवळ ये. ओरडू नकोस." त्यांनी आवाज खाली घेतला. "सकाळी मी पडलो."

"कुठे?"

"बाथरूममध्ये. उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंतीला घासत खाली बसलो. मागे बेसिन लागलं जरासं." त्यांनी टोपी इंचभर वर केली. मागे लिंबाएवढं टेंगूळ होतं. "नळ धरून उठलो. कुणाला कळलं नाही. तूही बोलायचं नाहीस."

"अण्णा, अहो, घंटा का नाही दाबलीत?"

"सकाळी एकदम दोन नवे पेशंट आले. पोरी पळत होत्या. त्यात मी कुठे त्यांना हाक मारू, मला मुतायला न्या म्हणून?" मग ते जास्तच हळू बोलले. "आणि पडल्यावर सांगितलं असतं तर? उद्या शंभर आहेत. आख्ख्या हॉस्पिटलात माझ्या सुनेचा फळा मीच पाडू होय?"

इथे मी काय केलं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. मी म्हटलं, "बरं." टेंगूळच तर आहे, उतरेल. ते बोलत होते, हसत होते. सुनेसाठी सासऱ्यानं एवढं करावं, याचं मला कौतुकसुद्धा वाटलं. आणि पिशवीत 'एक'ची चकती होती. तिच्यावर मी दोन हात रंगाचे जास्तीचे दिले होते.

मी स्टूल घेतलं, फळ्याखाली ठेवलं, वर चढलो आणि खिळा ठोकला. दोन-तीन पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. स्टुलावरून वळलो तेव्हा समोर सात नंबरची खाट होती आणि खाटेच्या पायथ्याशी एक पिवळी पाटी. अशा बारा पाट्या मागच्या वर्षी मीच रंगवून दिल्या होत्या. वेलांट्या छान आल्या होत्या, एवढंच मला त्यांच्याबद्दल आठवत होतं. पाट्या रंगवणारा माणूस मजकूर वाचत नाही, तो अक्षरं बघतो. त्या दिवशी मी माझीच पाटी पहिल्यांदा वाचली. 'रक्त पातळ करणारे औषध चालू. पडल्यास, डोक्याला मार लागल्यास, ताबडतोब सांगा. बाहेरून काही दिसत नसले तरी.'

बाहेरून काही दिसत नसले तरी. हे शब्द मी बारा वेळा लिहिले होते.

स्टुलावरून मी कसा उतरलो ते विचारू नका, दहा आकडे मोजले नाहीत एवढं नक्की. औषधांच्या खोलीच्या दारातच म्हटलं, "अगं, अण्णा सकाळी पडलेत. डोक्याला लागलंय."

तिनं हातातला ट्रे खाली ठेवला. ओरडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. अण्णांपाशी जाऊन तिनं टोपी काढली, टेंगूळ पाहिलं, टॉर्चनं डोळे पाहिले. आज वार कुठला, दोन्ही हात वर करा, माझं बोट घट्ट धरा, जीभ बाहेर काढा. अण्णांनी गुन्हेगारासारखी जीभ बाहेर काढली. तोवर मावशी डॉक्टरांना घेऊन आल्या होत्या. पाच मिनिटांत स्ट्रेचर आलं आणि अण्णा डोक्याच्या स्कॅनला गेले. जाताना मला म्हणाले, "चुगलखोर!"

स्कॅनच्या खोलीबाहेर आम्ही दोघं बाकावर बसलो. तेव्हा ती बोलली.

"तुम्हाला किती वाजता कळलं?"

"चारला. चार वाजून पाचेक मिनिटं झाली असतील."

"आणि मला सांगितलंत सव्वाचारला. दहा मिनिटं. काय करत होतात?"

"खिळा ठोकत होतो."

तिनं खिशातला सुई-दोरा बाहेर काढला आणि तसाच परत ठेवला. बावीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. आणि मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. आत माझा बाप यंत्रात आडवा पडला होता, आणि मी दहा मिनिटं एका पत्र्याच्या चकतीची बाजू घेतली होती.

डॉक्टर बाहेर आले. "आत रक्तस्राव दिसत नाही," ते म्हणाले. "पण उद्या सकाळी परत स्कॅन करू. रात्रभर लक्ष ठेवावं लागेल. आजोबा नशीबवान आहेत." तेव्हा ती रडली. अगदी थोडं, आणि लगेच रुमालानं नाक पुसून उठली, कारण तिची पाच वाजताची फेरी राहिली होती.

वॉर्डात परत आल्यावर तिनं मला फळ्याकडे बोट दाखवलं. "काढा ते नऊ."

"उद्या सकाळी काढू की."

"आत्ता. सगळ्यांच्या देखत."

मी दोन्ही नऊ काढले आणि शून्य अडकवलं. ती मधोमध उभी राहिली. "ऐका. आमचे अण्णा सकाळी पडले आणि त्यांनी सांगितलं नाही. माझा आकडा बिघडेल म्हणून. चूक त्यांची आहे, पण त्यांच्याआधी माझी आहे. मी त्या आकड्याकडे रोज इतक्या आवडीनं बघत होते की तुम्हाला माझी दया आली. आता खरं सांगा, आणखी कोण पडलंय?"

मग तीन नंबरचे शिंपीकाका खाकरले. "सिस्टर, मी मागच्या आठवड्यात... पण पुरता नाही. अर्धाच. खाटेला धरून लटकलो होतो."

"मी खुर्चीत बसताना चुकलो," अकरा नंबरचा बसड्रायव्हर म्हणाला. "जमिनीवर बसलो. पण मऊ पडलो, आवाजसुद्धा नाही झाला."

त्यानंतर कबुलीजबाबांची रांगच लागली. एकानं दोनदा घंटा दाबायची टाळून लघवी दाबून ठेवली होती. एकानं चपलेचा निसटलेला पट्टा सेफ्टी पिनेनं लावून लपवला होता. पंधरा नंबरच्या आजोबांना सांगण्यासारखं काहीच सापडेना, तर ते म्हणाले, "मी गेल्या वर्षी घरी पडलो होतो, तेही लिहून घ्या." ही कपाळाला हात लावून हसायला लागली आणि मग सगळा वॉर्ड हसला. तरी तिनं एकेक गोष्ट वहीत लिहिली, प्रत्येकाला तपासलं आणि पट्ट्याची पिन काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा स्कॅन पुन्हा चांगला आला. त्याच दुपारी तिनं मला फळा पुसून नव्यानं रंगवायला सांगितला. नवा मजकूर होता, 'आज घंटा किती वेळा वाजली'.

मेट्रनबाई आल्या. "सिस्टर, घंटा वाढल्या म्हणजे वॉर्डात गडबड वाढली असं नाही का दिसणार?"

"दिसू दे मॅडम. घंटा कमी झाल्या की समजायचं, पुन्हा टोप्या घालून बसलेत. पडलेल्यांची नोंद मी वहीत ठेवीनच, तुम्हाला रोज पाठवीन. पण भिंतीवर हे राहू दे."

मेट्रनबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "अक्षर कुणाचं आहे? छान आहे." मी स्टुलावरूनच वाकून नमस्कार केला आणि बायकोनं डोळे वटारले.

पहिल्या दिवशी घंटा तेवीस वेळा वाजली. दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. शिंपीकाका तर वेळ विचारायलाही घंटा दाबायला लागले. फक्त सात नंबरची घंटा वाजत नव्हती. अण्णा सांगितलं तेवढं पाळत होते, म्हणजे एकटे उठत नव्हते, पण तासाच्या फेरीची वाट बघत ताटकळत बसायचे. तोंड कसनुसं व्हायचं, पण हात बटणाकडे जायचा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असं करून ते एक दिवस घाईनं उठणार आणि परत पडणार, आणि पुढच्या वेळी नशीब साथ देईलच असं नाही. घरी सोडायचं तर हे आधी जमायला हवं.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी तिथेच होतो. ती अण्णांच्या खाटेच्या कडेवर, डाव्या बाजूला, बसली.

"अण्णा, एक विचारू? तुम्ही सायकलची घंटी वाजवायचात तेव्हा लोक वैतागायचे?"

"वैतागतील कशाला? पळत यायचे. एक म्हातारी तर माझी घंटी ऐकायला अकरा वाजल्यापासून दारात उभी असायची. पत्र महिन्यातून एक यायचं."

"म्हणजे त्रास नाही व्हायचा त्यांना."

"त्रास? अगं, वाट बघायचे ते."

"मग मीही तिकडे टेबलापाशी बसून तुमच्या घंटेची वाटच बघत असते," ती म्हणाली. "तीन दिवस झाले. वाजतच नाही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. ती उठली आणि आपल्या टेबलापाशी गेली.

थोड्या वेळानं अण्णा चुळबुळ करायला लागले. मला कळलं, आणि मी हात पुढे केला. "चला, मी नेतो."

"तू थांब," ते म्हणाले. "तुझं मोजत नाहीत."

आणि त्यांनी बटण दाबलं. टेबलापाशी घंटा वाजली. तिनं वर पाहिलं, सात नंबरचा दिवा बघितला, आणि सतरा वर्षांच्या अनुभवाची ती नर्स, जी वॉर्डात कुणालाही पळू देत नाही, चक्क पळत आली.

"काय अण्णा?"

"सूनबाई, मला जायचंय," अण्णा म्हणाले. चाळीस वर्षं चाललेल्या त्या माणसानं आपला हात स्वतःहून तिच्या हातात दिला. माझ्या उभ्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. मग ते कडेवर बसले आणि मोठ्यानं दहा आकडे मोजायला लागले. मोजताना शिंपीकाकाही सामील झाले.

अण्णा आता घरी आहेत. त्यांच्या खाटेच्या दांड्याला मी त्यांच्या जुन्या सायकलची घंटी बसवून दिली आहे, डाव्या बाजूला. फळ्याचा तिसरा खिळा रिकामा राहिला म्हणून मला हळहळ वाटत होती, पण तिनं त्यावर अण्णांची लोकरीची टोपी टांगून ठेवली आहे. नवा पेशंट आला की चप्पल बघून झाल्यावर ती त्याला टोपी दाखवते आणि तिची गोष्ट सांगते. गोष्टीत माझी दहा मिनिटंही असतात, बायको ती गाळत नाही.

परवा मी अंगणात शिडीवर चढून एका दुकानाची पाटी रंगवत होतो. अक्षर अर्ध्यावर आलं होतं आणि ओला रंग थांबत नाही. आतून घंटी वाजली, किणकिण, अगदी लहानपणी कोपऱ्यावर ऐकू यायची तशी. मी ब्रश डब्यात टाकला आणि खाली उतरलो, एकेक पायरी, घाई न करता. "आलो अण्णा!" मी ओरडलो. आतून आवाज आला, "ये सावकाश. मी कडेवर बसलोय. सातपर्यंत मोजलंय."